'हात मोकळे व्हावेत म्हणून' माणूस उभा राहिला?

उत्क्रांतीचा पाठ संपत आला की वर्गात एक गोष्ट हमखास सांगितली जाते. आफ्रिकेचे हवामान कोरडे झाले, जंगले आटली, झाडांवरचे कपी जमिनीवर उतरले. गवतातून दूरवर दिसावे आणि हात मोकळे व्हावेत म्हणून ते दोन पायांवर उभे राहिले. मोकळ्या हातांनी त्यांनी हत्यारे केली, हत्यारांमुळे मेंदू वाढला आणि माणूस तयार झाला. गोष्ट सुटसुटीत आहे, मुलांच्या लक्षात राहते आणि परीक्षेत तीन-चार गुणांना पुरते. अडचण एवढीच की तिच्यातला काळ चुकलेला आहे, घटनांची साखळी पुराव्याला धरून नाही आणि त्या साखळीच्या कड्या जोडणारा 'म्हणून' हा शब्द जीवशास्त्राला मान्य नाही.

राज्य मंडळाच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २' या २०१८ साली आलेल्या पुस्तकात पहिलाच पाठ 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. त्यावर टीका करण्यापूर्वी त्याच्या बाजूचे एक माप टाकले पाहिजे. 'एनसीईआरटी'च्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये देशातील १८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रक काढले. आपल्या राज्याच्या पुस्तकात हा विषय सविस्तर आहे, उत्क्रांतीचे पुरावे आहेत, डार्विन आहे आणि मानवी उत्क्रांतीचाही स्वतंत्र भाग आहे. जे आहे ते राहावे असे वाटत असेल, तर ते बरोबर असावे हा आग्रहही आपणच धरला पाहिजे. चुकीच्या पाठाचा बचाव करणे फार अवघड जाते.

त्या पुस्तकात दोन पायांवर ताठ उभे राहणारे आणि हात वापरणारे प्राणी सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचे सांगितले आहेत. मानवसदृश प्राण्याची पहिली नोंद म्हणून पूर्व आफ्रिकेतल्या रामापिथेकसचे नाव दिले आहे. आणि उभे राहण्याचे कारण म्हणून वर सांगितलेलीच कोरडे हवामान, गवताळ प्रदेश व मोकळे हात यांची साखळी आहे. या तिन्ही गोष्टी क्रमाने तपासू या.

रामापिथेकसचा जबडा

हिमाचल प्रदेशात बिलासपूर जिल्ह्यात हरितल्यांगर नावाचे गाव आहे. शिवालिकच्या या टेकड्यांमध्ये १९३२ साली येल विद्यापीठाचा एक तरुण संशोधक, जी. एडवर्ड लुइस, जीवाश्म शोधत होता. त्याला वरच्या जबड्याचा एक तुकडा सापडला. दातांची ठेवण माणसासारखी गोलाकार असावी असे त्याला वाटले आणि १९३४ साली त्याने या प्राण्याला 'रामापिथेकस' हे नाव दिले. शिवालिकमधील कप्यांना देवादिकांची नावे देण्याची तेव्हा पद्धतच पडली होती. शिवापिथेकस आधीपासून होता, लुइसने त्यात ब्रह्मापिथेकस आणि सुग्रीवपिथेकसचीही भर घातली. (सुग्रीवाचे नाव निदान जातीला शोभणारे होते.)

पुढची पंचवीस-तीस वर्षे हा तुकडा फारसा कोणी मनावर घेतला नाही. १९६१ साली एल्विन सायमन्स यांनी तो पुन्हा तपासला आणि हा माणसाचा थेट पूर्वज असल्याचे मांडले. डेव्हिड पिलबीम त्यांच्याबरोबर होते. केनियात फोर्ट टर्नन येथे लुई लीकी यांना सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा असाच एक जबडा मिळाला होता, तोही सायमन्स यांनी रामापिथेकसमध्ये घातला. पुस्तकातला 'पूर्व आफ्रिकेतला रामापिथेकस' येतो तो इथून.

आता या प्राण्याची चाल कशी ठरली ते पाहा. सुळे लहान दिसले. सुळे लहान, तर संरक्षणासाठी हत्यारे वापरत असणार. हत्यारे वापरायची तर हात मोकळे हवेत. हात मोकळे, म्हणजे तो दोन पायांवर चालत असणार. मांडीचे हाड नाही, कटीचे हाड नाही, पाऊल नाही, कवटीचा तळ नाही. जबड्याच्या तुकड्यांवरून चाल ठरवली गेली! तर्काची प्रत्येक पायरी शक्य कोटीतली होती, पण एकीलाही हाडाचा आधार नव्हता. डार्विनने १८७१ साली सुळे, हत्यारे आणि उभे राहणे यांचा असाच संबंध सुचवला होता. त्याच्याजवळ जीवाश्म नव्हते, त्यामुळे त्याने अंदाज केला हे समजू शकते. नव्वद वर्षांनंतर तोच अंदाज पुरावा म्हणून वापरला गेला, इथे आक्षेप आहे.

पहिला धक्का जीवाश्मांच्या बाहेरून आला. १९६७ साली व्हिन्सेंट सॅरिच आणि अॅलन विल्सन यांनी रक्तातील प्रथिनांची तुलना करून माणूस आणि आफ्रिकी कपी यांच्या वाटा अवघ्या ५० लाख वर्षांपूर्वी फुटल्याचे सांगितले. तसे असेल तर त्याच्या कितीतरी आधीचा रामापिथेकस केवळ माणसाच्या शाखेतला असू शकत नाही. हाडांच्या अभ्यासकांनी बराच काळ हा हिशेब मानला नाही. मग पाकिस्तानातील पोटवार पठारावर पिलबीम यांच्याच तुकडीला शिवापिथेकसचा बराचसा चेहरा सापडला. १९८२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. चेहरा ओरांगउटानसारखा होता. रामापिथेकस म्हणजे शिवापिथेकसचेच लहान चणीचे, बहुधा मादीचे नमुने, असे मत झाले आणि ते नाव वेगळी प्रजाती म्हणून वापरातून गेले. पिलबीम यांनी स्वतःचे जुने मत उघडपणे सोडले.

म्हणजे १९८२ नंतर रामापिथेकस माणसाच्या वंशावळीत उरला नाही आणि २०१८ च्या पाठ्यपुस्तकात तो पहिला मानवसदृश प्राणी म्हणून उभा आहे. मला यात चुकीपेक्षा वाया गेलेली संधी जास्त बोचते. हा प्राणी आपल्या उपखंडातला, आणि त्याची कथा म्हणजे शास्त्र स्वतःला कसे दुरुस्त करते याचा घरचा दाखला. ती सांगायची सोडून आपण मुलांना तिचा पहिला, नाकारला गेलेला अर्धाच भाग पाठ करायला लावतो.

मुंबई ते द्वारका

दोन कोटी, सत्तर लाख, तेहतीस लाख हे आकडे मुलांना एकसारखेच मोठे वाटतात, त्यामुळे घटनांचा क्रम मनात ठसत नाही. त्यासाठी रस्ता वापरावा. नाशिकमध्ये द्वारकेच्या चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता मिळतो. हा चौक म्हणजे आजचा दिवस असे धरू. एक किलोमीटर म्हणजे ४० हजार वर्षे. या मापाने सत्तर लाख वर्षांपूर्वीची घटना १७५ किलोमीटरवर, म्हणजे मुंबईत पडते. आता मुंबईहून द्वारकेकडे निघू या. अंतरे ढोबळ आहेत, पण चालतील.

मुंबईतच सहेलांथ्रोपस भेटतो. आफ्रिकेतील चाड देशात २००१ साली मिळालेली ही कवटी सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीची आहे. ठाण्याला, १५० किलोमीटरवर, केनियातला ओरोरिन. त्याच्या मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकावर दोन पायांवर चालण्याच्या खुणा आहेत असे अनेकांचे मत आहे. पडघ्याच्या अलीकडे ११० किलोमीटरवर आर्डिपिथेकस, ४४ लाख वर्षांपूर्वीचा. त्याची कटी चालण्याच्या दिशेने बदललेली आहे, पण पायाचा अंगठा अजून हाताच्या अंगठ्यासारखा बाजूला वळलेला, फांदी पकडणारा आहे. शहापूरच्या आसपास, ९१ किलोमीटरवर, टांझानियातील लेटोलीच्या ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावले लागतात. १९७८ साली मेरी लीकी यांच्या तुकडीला ही सुमारे २७ मीटर लांबीची पाऊलवाट सापडली. आधी टाच टेकलेली, अंगठा बाकीच्या बोटांच्या ओळीत. ३६ लाख ६० हजार वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्यासारखेच चालत गेले होते. ८० किलोमीटरवर इथिओपियातली ल्युसी. तिच्या सांगाड्याचा सुमारे ४० टक्के भाग १९७४ साली मिळाला. गुडघा आणि कटी चालणाऱ्याची. तिच्या जातीच्या मेंदूचे आकारमान मात्र ४०० ते ५५० घन सेंटिमीटर, म्हणजे चिंपांझीपेक्षा थोडेच जास्त. आपले सरासरी १३५० आहे.

मुंबईहून निघून आपण शहापूर ओलांडले. चालणारे पाय भेटले, हत्यारे कोठे आहेत? केनियात लोमेक्वी येथे मिळालेली, २०१५ साली जाहीर झालेली सर्वांत जुनी दगडी हत्यारे ३३ लाख वर्षांपूर्वीची मानली जातात, म्हणजे ८२ किलोमीटरवर. सर्वमान्य अशी जुनी हत्यारे इथिओपियातील गोना येथली, २६ लाख वर्षांपूर्वीची. ती कसाऱ्याच्या घाटाच्या पायथ्याशी पडतात. मेंदू ठळकपणे मोठा झालेला होमो इरेक्टस इगतपुरीला भेटतो. आणि आपण, होमो सेपियन्स? तीन लाख वर्षे म्हणजे साडेसात किलोमीटर. पाथर्डी फाट्याला आपण रस्त्यावर आलो. सगळी शेती द्वारकेच्या शेवटच्या अडीचशे मीटरमध्ये झाली.

नाशिकच्या मुलांना यात एक टप्पा स्वतःच्या गावचा घालता येईल. शहराच्या वर, गोदावरीच्या काठी गंगापूरजवळ नदीच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरांत अश्मयुगीन हत्यारे मिळाली. डॉ. ह. धी. सांकळिया यांचे गोदावरीच्या पुराश्मयुगीन हत्यारांवरचे पुस्तक पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५२ साली प्रसिद्ध केले. इथल्या हातकुऱ्हाडी ज्या अश्युलियन परंपरेतल्या आहेत, तिचा भारतातला सर्वांत जुना पुरावा चेन्नईजवळच्या अत्तिरम्पक्कमचा, सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीचा. आपल्या रस्त्यावर ही जागा घोटीची. विज्ञान प्रदर्शनांत अशा हातकुऱ्हाडीच्या चित्राखाली 'हात मोकळे झाले व माणूस उभा राहिला' अशा अर्थाची ओळ लिहिलेली मी पाहिली आहे. गंगापूरची कुऱ्हाड घडवणाऱ्याचे पूर्वज त्याच्याआधी निदान पन्नास किलोमीटर, म्हणजे वीस लाख वर्षे, दोन पायांवर चालत होते. त्यांनी चालावे याला ही कुऱ्हाड कारण कशी होईल?

तेव्हा साखळीतला उभे राहण्याचा आणि मेंदू वाढण्याचा क्रम पुस्तकात बरोबर आहे, पण दोन्हींमधले अंतर लाखो वर्षांचे आहे, आणि इतक्या अंतरावरून एकाला दुसऱ्याचे कारण म्हणता येत नाही. हा क्रम मान्य होण्यासाठीही किती वेळ गेला ते पाहण्यासारखे आहे. १९१२ साली इंग्लंडमध्ये 'पिल्टडाउन मानव' सापडल्याचे जाहीर झाले. मोठी कवटी आणि कप्याचा जबडा. 'आधी मेंदू' या तेव्हाच्या समजुतीला तो इतका सोयीचा होता की, १९२४ साली रेमंड डार्ट यांना दक्षिण आफ्रिकेतील टाउंगच्या लहान मुलाची कवटी मिळाली तेव्हा कोणी फारसे ऐकून घेतले नाही. या कवटीचा मेंदू लहान होता, पण मज्जारज्जू जिथून बाहेर पडतो ते तळाचे छिद्र पुढे सरकलेले होते, म्हणजे डोके उभ्या कण्यावर तोललेले होते. पिल्टडाउन हा माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा जोडून केलेला बनाव असल्याचे १९५३ साली उघड झाले.

'साठी' आणि 'म्हणून'

भाषेची अडचण मात्र अजून तशीच आहे. गवतात उभे राहण्यासाठी कमरेची हाडे विकसित झाली, असे वाक्य मराठीत सहज लिहिले जाते. गंमत अशी की त्याच पाठात लामार्कचा विचार समजावून दिला आहे आणि मिळवलेले गुण पुढच्या पिढीत जात नाहीत हेही सांगितले आहे. मग माणसाचा विषय निघाला की लामार्क मागच्या दाराने परत येतो.

जपानमध्ये खेळासाठी माकडांना लहानपणापासून दोन पायांवर चालायला शिकवण्याची जुनी परंपरा आहे. अशा माकडांच्या क्ष-किरण चित्रांत पाठीच्या कण्याला कमरेशी आपल्यासारखा बाक आलेला दिसतो. आपल्याकडे मदाऱ्याची माकडेही चालत, पुढे कायद्याने तो खेळ थांबला. शरीर सवयीने बदलते हे खरेच आहे. पण त्या माकडाचे पिल्लू काही बाक घेऊन जन्मत नाही. ते इतर पिल्लांसारखेच चार पायांवर निघते. गरज पडली, सराव झाला, एवढ्याने वंश बदलत नाही. मुळात एखाद्या समूहात कोणाची कटी किंचित रुंद, कोणाची किंचित अरुंद, असा जन्मजात फरक हवा आणि त्या फरकामुळे कोणाची पिल्ले जास्त जगायला हवीत. 'उभे राहण्यासाठी कटी बदलली' याऐवजी 'ज्यांची कटी थोडी वेगळी होती त्यांची पिल्ले जास्त जगली' असे म्हणायला वाक्य लांबते, पण तेवढी लांबी सोसली पाहिजे.

कटी बदलली म्हणजे काय, हे वर्गात पाच मिनिटांत दाखवता येते. मुलाला भिंतीला उजवा खांदा आणि उजव्या पावलाची बाहेरची कड चिकटवून उभे करा आणि डावा पाय उचलायला सांगा. पाय उचलता येत नाही. एका पायावर उभे राहायचे तर शरीराचा भार त्या पायावर न्यावा लागतो आणि भिंत ते होऊ देत नाही. चालताना आपण प्रत्येक पावलागणिक क्षणभर एकाच पायावर असतो. आता भिंतीपासून दूर, कमरेच्या बाजूला हात ठेवून एका पायावर उभे राहायला सांगा. तळहाताखाली एक स्नायू कडक झालेला लागेल. तो दुसऱ्या बाजूची कटी खाली पडू देत नाही. चिंपांझीच्या कटीचे पाते उंच आणि पाठीकडे सपाट असते. आपले बुटके, रुंद आणि बाजूला वळलेले आहे. त्यामुळे हा स्नायू बाजूला येतो. शिवाय आपली मांडीची हाडे वरून खाली आत झुकलेली असतात, त्यामुळे गुडघे आणि पावले शरीराच्या मध्याखाली पडतात. चिंपांझीची सरळ असतात, म्हणून दोन पायांवर तो डुलत चालतो. शेवटी ओल्या पायांनी शहाबादी फरशीवर चालायला लावावे. टाच, कमान, अंगठा. लेटोलीच्या राखेत जे दिसले ते फरशीवर दिसते.

मग कारण काय?

यावर शंभर-दीडशे वर्षांत इतकी उत्तरे आली आहेत की सगळी देण्यात अर्थ नाही. पण ती कशी तोलावीत हे पाहण्यासारखे आहे.

गवताळ प्रदेशाचे उत्तर सर्वांत लाडके आणि आज सर्वांत अडचणीत आलेले आहे. आर्डिपिथेकसबरोबर त्याच थरांत झाडांवर राहणाऱ्या कोलोबस जातीच्या माकडांची आणि झाडीत राहणाऱ्या कुडू हरणांची हाडे मिळाली. झाडी किती दाट होती यावर वाद आहे, पण उघडे गवती मैदान नव्हते यावर बहुतेकांचे एकमत दिसते. कोरडे हवामान आणि पसरती गवताळ मैदाने यांचा परिणाम पुढे, विशेषतः आपल्या प्रजातीच्या घडणीत, नक्कीच झाला. पण पहिले पाऊल त्याच्या आधी पडले होते. उभ्या शरीरावर दुपारचे ऊन कमी पडते, म्हणून उभे राहणे फायद्याचे, हे पीटर व्हीलर यांचे १९८० च्या दशकातले गणित चोख आहे. मे महिन्यात भर दुपारी उघड्यावर उभे राहिलेल्या कोणालाही ते पटेल. तरी झाडांच्या सावलीत राहणाऱ्या प्राण्याला त्याचा काय उपयोग? पाण्यात राहून माणूस उभा राहिला या १९६० सालच्या अॅलिस्टर हार्डी यांच्या कल्पनेला वाचक फार मिळाले, जीवाश्म मिळाले नाहीत.

ओवेन लव्हजॉय यांनी १९८१ साली मांडले की नर दोन्ही हातांत अन्न घेऊन मादीकडे आणू लागला, त्यातून जोडीने राहणे आणि दोन पायांवर चालणे आले. हे मला फार ओळखीचे वाटते; घरी पिशवी घेऊन येणारा कर्ता पुरुषच चाळीस लाख वर्षे मागे नेऊन ठेवला आहे. आक्षेप मात्र हाडांचा आहे. ल्युसीच्या जातीत नर मादीपेक्षा बरेच मोठे होते असे अनेक अभ्यासकांना दिसते, आणि आजच्या कप्यांत असा फरक असतो तिथे नर जोडीने राहत नाहीत, मादीसाठी आपसांत झुंजतात.

तरी हातांत काहीतरी नेणे ही कल्पना टाकाऊ नाही. त्र्यंबकेश्वरला किंवा सप्तशृंगीगडावर माकडाच्या दोन्ही हातांत खाऊ आला की ते चार-सहा पावले दोन पायांवर पळते, हे मुलांनी पाहिलेले असते. गिनी देशात बोसू येथे चिंपांझींना दुर्मिळ, आवडीच्या बिया दिल्या तेव्हा ते जास्त वेळा दोन पायांवर चालत त्या घेऊन गेले, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. आणि यासाठी नरच हवा असे नाही. चिंपांझीचे पिल्लू हातापायांनी आईच्या केसांना घट्ट धरून असते. पायाची पकड गेली की पिल्लाला आईने धरावे लागते.

ऊर्जेचा हिशेब २००७ साली नीट मांडला गेला. चिंपांझींना आणि माणसांना फिरत्या पट्ट्यावर चालवून मोजले तेव्हा, सारखे वजन व सारखे अंतर धरता, माणसाला चिंपांझीच्या सुमारे एक चतुर्थांशच ऊर्जा लागली. पण त्याहून महत्त्वाचे पुढे आहे. पाच चिंपांझींपैकी तिघांना दोन पायांवर चालणे महाग पडले, एकाला सारखेच आणि एकीला चक्क स्वस्त. नैसर्गिक निवडीला लागणारा जन्मजात फरक तो हाच. त्याच वर्षी सुमात्रातल्या ओरांगउटानांचे निरीक्षण प्रसिद्ध झाले. बारीक, लवचिक फांद्यांवर ते हाताने वरची फांदी धरून पाय सरळ ठेवून चालतात. म्हणजे उभे चालण्याची सुरुवात झाडावरच झाली असणे शक्य आहे. तसे असेल तर 'आधी उतरला, मग उभा राहिला' ही दहावीची पहिली ओळच उलटी होते.

या शेवटच्या दोन विचारांकडे माझा स्वतःचा कल आहे. पण कल म्हणजे निकाल नव्हे आणि वर्गात तो तसाच सांगावा. कोणतेही कारण पुढे आले की मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवता येतील. काळ जुळतो का? अर्धवट उभे राहणाऱ्यालाही त्याचा फायदा होता का? आणि ते नर आणि मादी दोघांनाही लागू पडते का?

तिसरा प्रश्न मी मुद्दाम घातला, कारण शाळेच्या भिंतीवरचा तक्ता. वाकलेल्या कप्यापासून ताठ माणसापर्यंत एका ओळीत चाललेले पाच-सहा पुरुष. मूळ चित्र रुडॉल्फ झॅलिंगर यांनी १९६५ साली 'टाइम-लाइफ'च्या 'अर्ली मॅन' या पुस्तकासाठी काढले, त्यात पंधरा आकृत्या होत्या आणि रामापिथेकसही त्यांत होता. कपी प्रत्यक्षात चार पायांवर चालत, केवळ तुलनेसाठी ते उभे दाखवले आहेत, असा खुलासा त्या चित्राबरोबर होता. तक्ते छापणाऱ्यांनी चित्र घेतले, खुलासा सोडला. ओळीत बाईही नाही. खरे तर उभे चालण्याचा सर्वांत कठीण कस बाळंतपणात आणि गरोदरपणात लागतो. पोट पुढे येते तसा तोल ढळतो. २००७ साली दाखवले गेले की स्त्रियांच्या कण्याचा कमरेतला बाक तीन मणक्यांवर विभागलेला असतो, पुरुषांत दोनवर, आणि हा फरक आफ्रिकेतल्या ऑस्ट्रेलोपिथेकसमध्येही दिसतो. या विषयातला सर्वांत नेमका पुरावा, आणि तो तक्त्यातून गायब आहे.

'मग आजची माकडे का उभी राहत नाहीत?' हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतोच. चिंपांझी मागे राहून गेलेला माणूस नाही. त्याची शाखाही आपल्याइतकीच वर्षे चालून आली आहे आणि बोटांची पेरे टेकवून चालणे ही कदाचित त्याची स्वतःची नंतरची कमाई आहे, एवढे सांगितले की पुरते.

परीक्षेसाठी 'माणूस उभा का राहिला ते लिहा' याऐवजी एखादे हाड द्यावे. चाडमधल्या सहेलांथ्रोपसच्या कवटीजवळच २००१ साली मांडीचे एक हाड मिळाले होते. त्यावरचे सविस्तर निबंध २०२० आणि २०२२ साली आले. पहिल्याचा निष्कर्ष असा की हे दोन पायांवर चालणाऱ्याचे हाड दिसत नाही. दुसऱ्याचा, की दिसते. हाडाची दोन्ही टोके तुटलेली आहेत, म्हणजे कटीचा सांधा नाही आणि गुडघाही नाही. चाल ठरवायची तर आणखी कोणते हाड मिळायला हवे आणि त्यात काय शोधाल, हे मुलांना लिहू द्यावे.